मुलगा की मुलगी : घर सांगतं, शाळा सांगते, की सवंगडी?

होमस्कूलिंग करणाऱ्या आईवडिलांना नातेवाइकांकडून येणारा पहिला प्रश्न गणिताचा किंवा दहावीचा नसतो. ‘त्याला मित्र कुठून मिळणार?’ हा असतो. दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला जातो. ‘दिवसभर आईच्या मागे मागे राहून मुलगा बायकी नाही ना होणार?’ मुलगी असेल तर तोच प्रश्न उलटून येतो. चार मुलींत वाढली नाही तर हिला मुलीसारखं वागायचं कसं कळणार?

प्रश्न कुजबुजीतला असला तरी फालतू नाही. त्याच्या पोटात एक गृहीतक आहे. मुलगा असणं किंवा मुलगी असणं हे घरात नाही, बरोबरीच्या मुलांत शिकलं जातं, असं ते गृहीतक. गंमत म्हणजे अमेरिकेत याच गृहीतकाच्या जोरावर दोन विरुद्ध टोकांची कुटुंबं शाळेतून मुलं काढतात. एकाला भीती असते की शाळा आपल्या मुलीला ‘बाईपणा’पासून दूर नेईल. दुसऱ्याच्या मुलाला फ्रॉक आवडतो, आणि वर्गातली मुलं त्याला जगू देत नाहीत. गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. पुण्या-नाशकातल्या, शाळेत न घातलेल्या मुलांच्या आयांशी बोलते आहे. विद्यापीठाशी माझा संबंध ग्रंथालयाच्या पासापुरताच. त्यामुळे जे मांडते आहे ते एका वाचणाऱ्या बाईने जुळवलेलं आहे, असंच समजावं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असं त्यात लिहिलं आहे, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंग हा शब्दही त्यात नाही. या फटीतून आपल्याकडची कुटुंबं चालतात. पुढे परीक्षेसाठी १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असते, नाहीतर आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म. अमेरिकेत मात्र १९९३पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत हे कायदेशीर झालं होतं. त्यामुळे अभ्यासही तिकडचेच जास्त.

‘लिंगभाव’ हा शब्द आपण ऐसपैस वापरतो. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. ‘मी कोण आहे’ ही आतली जाणीव ही एक. मुलांनी असं आणि मुलींनी तसं वागायचं, हे नियम ही दुसरी. आणि मला स्वतःला काय आवडतं, बाहुली की बॅट, ही तिसरी. सवंगडी या तिन्हींवर सारखा परिणाम करतात असं धरून चाललं की सगळी चर्चा घसरते.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६मध्ये मांडलेला क्रम आजही ढोबळमानाने टिकून आहे. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं. मग त्याला कळतं की मुलगी मोठी होऊन बाई होते. पण केस कापले, कपडे बदलले तरी माणूस तेच राहतं, हे पक्कं कळायला पाच ते सात वर्षांचं वय उजाडतं. तोवर मुलाच्या लेखी क्लिप लावली म्हणजे मुलगी. सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या छोट्या मुलाला घरात कसलाच मज्जाव नव्हता. तो एके दिवशी केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. दुसरा एक मुलगा त्याला दिवसभर ‘तू मुलगी आहेस’ म्हणत राहिला. शेवटी वैतागून याने चड्डी खाली करून पुरावा दाखवला. त्यावर समोरच्याचं म्हणणं असं की ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा मात्र मुलीच लावतात. बेमबाईंनी पुढे १९८१मध्ये या विषयावर जो सिद्धान्त मांडला त्यापेक्षा मला ही गोष्टच जास्त शिकवून गेली. घरात आईवडिलांनी काळजीपूर्वक जपलेला मोकळेपणा बालवाडीच्या एका दिवसात चव्हाट्यावर आला, आणि तो आणणारा चार वर्षांचा पोलीस होता.

हा पोलीस सर्वांत कडक कधी असतो? जर्मनीत एकाच मुलांच्या गटाचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. त्यात दिसलं की मुला-मुलींच्या नियमांबद्दलचा कडवेपणा पाच-सहा वर्षांच्या सुमारास टिपेला जातो आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत बराच सैलावतो. नियम नुकताच कळलेला माणूस नेहमीच जास्त कडवा असतो, हे आपण गृहनिर्माण सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीतही पाहतो. पण पहिलीत प्रवेशाचं वयही नेमकं सहा. म्हणजे मुलं जेव्हा या बाबतीत सर्वांत हट्टी असतात, तेव्हाच आपण त्यांना एकाच वयाच्या चाळीस-पन्नास जणांत नेऊन बसवतो.

‘एकाच वयाच्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे. एलिनॉर मॅकोबी आणि कॅरल जॅकलिन यांनी १९८७मध्ये आपल्या निरीक्षणांचे आकडे दिले. साडेचार वर्षांची मुलं मुलांशी आणि मुली मुलींशी खेळण्यात जो वेळ घालवतात तो दुसऱ्या बाजूशी खेळण्याच्या सुमारे तिप्पट असतो. साडेसहाव्या वर्षी तोच अकरापट होतो. मोठ्यांनी सांगितलेलं नसतानाही हे घडतं. २००१मध्ये मार्टिन आणि फेब्स यांनी पुढचा धागा पकडला. वर्षाच्या सुरुवातीला जी मुलं आपल्याच बाजूच्या मुलांत जास्त खेळत होती, तीच काही महिन्यांनी जास्त ‘मुलांसारखी’ किंवा ‘मुलींसारखी’ वागू लागली. त्यांनी याला औषधाच्या मात्रेची उपमा दिली. जितका डोस, तितका परिणाम.

मग हे निसर्गाचंच देणं म्हणायचं का? इथे बॅरी थॉर्न यांचं १९९३चं ‘जेंडर प्ले’ हे पुस्तक उपयोगी पडतं. कॅलिफोर्निया आणि मिशिगनमधल्या शाळांच्या मैदानांवर, जेवणाच्या टेबलांजवळ बसून त्यांनी मुलं पाहिली. त्यांना दिसलं की मुला-मुलींमधली भिंत सतत उभी नसते. ती काही प्रसंगी बांधली जाते आणि काही प्रसंगी विरते. गर्दी असली, निवडायला भरपूर मुलं असली, बघणारे आणि चिडवणारे साक्षीदार असले, की भिंत चढते. तीच मुलं गल्लीत, संध्याकाळी, पाच-सहा जणांत खेळताना मुलगा-मुलगी फारसं बघत नाहीत. कारण साधं आहे. लपंडावाला गडी कमी पडतात, तिथे शेजारची धाकटी बहीणही चालते.

बिअॅट्रिस व्हायटिंग आणि कॅरोलिन एडवर्ड्स यांनी जगभरच्या खेड्यांतल्या निरीक्षणांवरून साधारण हेच म्हटलं. त्यांच्या सामग्रीत उत्तर प्रदेशातल्या खालापूरची रजपूत मुलंही होती. लहान-मोठी भावंडं आणि चुलत भावंडं मिळून जी टोळी बनते, तिच्यात मुलं-मुली मिसळतात. समवयस्कांचा मोठा साठा मिळाला की ती फुटून वेगळी होतात. आणि असा साठा आधुनिक शाळेइतका दुसरीकडे कुठे मिळतो? वाड्यात वाढलेल्या माझ्या पिढीला हे पटायला अभ्यास लागू नये. वाड्यात आम्ही विटीदांडू सगळ्यांबरोबर खेळलो. शाळेच्या मैदानावर त्याच मुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शाळा या नैसर्गिक कलात आपली भर घालते ती वेगळीच. हजेरीपटात आधी मुलं, मग मुली. रांगा दोन. प्रश्नमंजूषेत मुलं विरुद्ध मुली. आणि दंगेखोर मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवणं! यात मुलीचा काय अपमान होतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. हिलिअर्ड आणि लिबेन यांनी २०१०मध्ये अमेरिकेतल्या बालवाड्यांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वर्गांत शिक्षकांनी फक्त दोन आठवडे मुलं-मुली अशा वेगळ्या रांगा लावल्या, त्यांना वेगवेगळं संबोधलं. कुणाला कमी-जास्त लेखलं नाही, स्पर्धा लावली नाही. तरीही दोन आठवड्यांत त्या वर्गांतल्या मुलांचे साचे घट्ट झाले आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांशी खेळणं कमी झालं. आपल्याकडे हा प्रयोग दहा वर्षं चालतो आणि त्याला शिस्त म्हणतात. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात घरकामात बरोबरीने हात लावणारे बाबा आणि बाई डॉक्टर अशी चित्रं आणली, ते चांगलंच झालं. पण पुस्तक उघडण्याआधी मूल रांगेतून येऊन बसलेलं असतं.

इथवर वाचून होमस्कूलिंगवाले खूश होतील. त्यांना जरा थांबवायला हवं.

शाळा काढून टाकली की नियम जात नाहीत. नियम सांगणारं तोंड बदलतं. टारा वेस्टओव्हर यांचं ‘एज्युकेटेड’ (२०१८) अनेकांनी वाचलं असेल. आयडाहोच्या डोंगरात वाढलेली ही मुलगी वर्गात पहिल्यांदा बसली ती सतराव्या वर्षी. समवयस्कांचा दबाव म्हणावा तर जवळजवळ शून्य. पण बाईने कसं राहावं याचे घरातले नियम कुठल्याही शाळेपेक्षा कडक होते, आणि त्यांना उलट बोलणारा एकही शेजारी, एकही शिक्षक तिथे नव्हता. अमेरिकेत मुलींनी लग्न होईतो बापाच्या घरीच राहून घर सांभाळावं, असा प्रचार करणारी एक धारा होमस्कूलिंगमध्ये होती. टेक्सासमधली व्हिजन फोरम ही संस्था त्यात पुढे होती. ती २०१३मध्ये बंद पडली. त्याच देशात जॉन होल्ट यांनी १९७७मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं, ते मुलाच्या स्वातंत्र्यासाठी. दोघांनाही आपण एकच नाव देतो. मिचेल स्टीव्हन्स यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात या दोन्ही छावण्यांत एक समान गोष्ट टिपली. शिकवण्याचा भार जवळपास सगळीकडे आईवरच असतो. म्हणजे मुलं दिवसभर जे पाहतात ते असं की आई नोकरी सोडून घरात शिकवते आणि बाबा बाहेर जातात. मी ज्यांच्याशी बोलले त्या घरांतही चित्र फारसं वेगळं नव्हतं. लिंगभावाचा हा धडा कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

होमस्कूलिंगची मुलं समाजात मिसळण्यात कमी पडत नाहीत असं सांगणारे अभ्यास आहेत. लॅरी शायर्स यांनी १९९२मध्ये आठ ते दहा वर्षांच्या मुलांना खेळताना चित्रित केलं, तर घरी शिकणाऱ्या मुलांत त्रासदायक वागणं कमी आढळलं. पण कुन्झमन आणि गेदर यांनी २०१३मध्ये या सगळ्या संशोधनाची झाडाझडती घेतली. त्यांचा आक्षेप रास्त आहे. बहुतेक अभ्यासांत स्वतःहून पुढे आलेली, उत्साही कुटुंबं असतात. पाहुण्यांना दिवाणखाना दाखवावा तसं ते आहे.

मराठीला या बाबतीत एक जुनं उदाहरण आहे, आणि ते मला फार विचारात पाडतं. पंडिता रमाबाई. जन्म १८५८, गंगामूळच्या रानात. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी मग मुलीला शिकवलं. शाळा नाही, पाटावरच्या मैत्रिणी नाहीत, सतत यात्रा. बालविवाह नाही. समवयस्क मुलींच्या सहवासाविना वाढलेली ही मुलगी १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांपुढे उभी राहिली, तेव्हा बाईने सभेत बोलू नये हा नियम तिच्या अंगात मुरलेलाच नव्हता. सवंगडी नसण्याचा हा फायदा म्हणावा. पण त्याच रमाबाईंचं १८८२चं पहिलं पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ वाचा. बायकांना केलेला उपदेश बराचसा वळणाचाच आहे. मैत्रिणी नव्हत्या, पण पोथ्या होत्या ना! नियम पोथ्यांतूनही येतातच. पाच वर्षांनी इंग्रजीत त्यांनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर जे कठोर पुस्तक लिहिलं, तिथवर त्या पोचल्या त्या विधवा होऊन, देश सोडून, वेगळ्या बायकांत राहून.

भावंडांचा मुद्दाही इथे येतो. २०००मध्ये इंग्लंडात साडेपाच हजारांहून अधिक तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थोरला भाऊ असलेले मुलगे आणि थोरली बहीण असलेल्या मुली आपापल्या साच्यात अधिक घट्ट बसत होत्या. थोरलं भावंड दुसऱ्या बाजूचं असेल तर साचा सैल. केनियातल्या लुओ मुलांवरचा कॅरल एम्बर यांचा १९७३चा अभ्यासही असाच बोलका आहे. घरात बहीण नाही म्हणून ज्या मुलग्यांना पाणी-स्वयंपाक आणि लहानग्यांना सांभाळण्याचं काम पडलं, ते इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक निघाले. तेव्हा ‘घर’ या शब्दाने काहीच कळत नाही. घरात कोण आहे आणि कुणाच्या वाट्याला कुठलं काम येतं, हे विचारायला हवं.

माझी भाची नाशकात असते. तिच्या साडेसहा वर्षांच्या मुलाला बांगड्या, नेलपेंट, नाच यांची हौस. वर्गात त्याला एक नाव पडलं, ते इथे लिहीत नाही. तो सकाळी पोट दुखतं म्हणू लागला. बाईंनी सांगितलं, ‘त्याला घरीच जरा वळण लावा.’ तिने फोन केला. ‘मावशी, मी याला घरीच शिकवू का? पण सासूबाई म्हणतात, आत्ताच असा आहे, घरी ठेवलास तर पुरता बायकी होईल.’ मी सल्ले द्यायच्या लायकीची नाही, पण वाचलेलं होतं ते सांगितलं.

त्यातलं पहिलं हे की, ‘मी कोण’ ही आतली जाणीव सवंगड्यांनी वळवून वळत नाही. याचा सर्वांत दुःखद पुरावा कॅनडातल्या डेव्हिड रायमर यांचा. १९६५मध्ये जन्मलेल्या या मुलाचं लिंग बाळपणी डॉक्टरी अपघातात गेलं. जॉन मनी या नामवंत तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं. घर, डॉक्टर, कपडे, नाव, सगळं एका बाजूला. शाळेतली मुलं मात्र चिडवत राहिली. त्याने चौदाव्या वर्षी मुलगी म्हणून राहायला नकार दिला. प्रयोग यशस्वी झाल्याचं मनी यांनी १९७२पासून जाहीर केलं होतं. खरी हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९९७मध्ये, आणि २००४मध्ये रायमर यांनी आत्महत्या केली.

उलट बाजूने, क्रिस्टीना ओल्सन यांच्या गटाचा २०१९चा अभ्यास. जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख सांगणारी आणि तशीच राहू लागलेली ३१७ मुलं, वय तीन ते बारा. त्यांची ओळख, कपड्यांची निवड, खेळ, मित्र हे सगळं त्या-त्या बाजूच्या इतर मुलांसारखंच निघालं. आधीची किती वर्षं जगाने त्यांना दुसरं काही म्हणून वागवलं, याने फार फरक पडलेला नव्हता. म्हणजे सासूबाईंची भीती दोन्हीकडून पोकळ. घरी ठेवून कुणी काही ‘होत’ नाही, आणि शाळेत घालून कुणी ‘सुधारत’ नाही. आणि नेलपेंट आवडणं म्हणजे ओळख नव्हे. भाचीच्या मुलाला मी विचारलं नाही, कुणी विचारूही नये, पण तो स्वतःला मुलगाच म्हणतो. रंगीत नखांचा मुलगा.

सवंगडी जे बदलतात ते आहे लाज. काय उघडपणे करायचं आणि काय दार लावून, हे ते शिकवतात. ही लाज केवढी महाग पडते ते २०११च्या जनगणनेत दिसतं. स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ ही नोंद तेव्हा पहिल्यांदाच झाली. ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं, त्यांतले साक्षर सुमारे ५६ टक्के. देशाचा आकडा तेव्हा ७४ होता. ही माणसं शाळेत नव्हती याला कुणी होमस्कूलिंग म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क दिला. पण २०२१मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी अशा मुलांना वर्गात सामावून घेण्याची पुस्तिका काढली, आणि बालहक्क आयोगाच्या आक्षेपानंतर ती संकेतस्थळावरून काढूनही टाकली. भाचीच्या मुलाच्या बाईंपर्यंत ती पोचली असती तर ‘घरीच वळण लावा’ हे वाक्य कदाचित वेगळं झालं असतं.

भाचीने त्याला काढलं नाही. वर्ग बदलून घेतला, आणि संध्याकाळी आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाच ते अकरा वयाची सगळी मुलं गोळा करू लागली. तिथे नाचायला गडी कमी पडतात. पोट दुखणं थांबलंय. पुढचं पुढे.

शेवटी एका बाईंबद्दल लिहायचंय, थोडं स्वार्थानेही. ज्युडिथ रिच हॅरिस. हार्वर्डने १९६०मध्ये त्यांना पीएच.डी.च्या वाटेवरून घरी पाठवलं. त्या पत्रावर जॉर्ज ए. मिलर यांची सही होती. पुढे आजारपणामुळे घरातच बसून त्या पाठ्यपुस्तकं लिहीत राहिल्या. १९९५मध्ये त्यांनी एकटीने एक लेख लिहिला. मूल घडतं ते आईवडिलांपेक्षा सवंगड्यांच्या गटात, असा त्यांचा दावा. त्या लेखाला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा पुरस्कार मिळाला, तो जॉर्ज ए. मिलर यांच्याच नावाचा! त्यांचा दावा मला सगळा पटत नाही. भावंडांचे आणि घरकामाचे अभ्यास त्यात बसत नाहीत. पण त्यांचा एक दाखला बिनतोड आहे. स्थलांतरितांची मुलं घरची भाषा घरी ठेवतात आणि सवंगड्यांची भाषा बाहेर बोलतात. एकाच्या वजनाने दुसरी पुसली जात नाही. जागेनुसार दोन्ही चालू राहतात.

आपल्या भाषेत तर हे लिंगाच्या बाबतीत थेट ऐकू येतं. फिनिशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द आहे, हिब्रूत क्रियापदही वेगळं. १९८२मध्ये गियोरा आणि सहकाऱ्यांनी तुलना केली, तेव्हा हिब्रू बोलणाऱ्या मुलांना आपण मुलगा की मुलगी हे आधी उमगत होतं, फिनिश मुलांना सर्वांत उशिरा. मराठी मूल तर ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हणताना दिवसातून शंभरदा आपलं लिंग जाहीर करतं. मालवणीत आणि कोंकणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगी, म्हणजे तिथे लहान मुलीला थोडी सवड आहे. आणि आमच्या कोल्हापूरकडे पोरी बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. मीही म्हणायचे. कागलमध्ये आई, आत्या, शेजारच्या पोरी सगळ्या तशाच बोलत. शिकायला पुण्याच्या वसतिगृहात आले तेव्हा पहिल्याच रात्री ‘मी दमलो’ म्हणाले, आणि खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. कुणी काही शिकवलं नाही, रागावलं नाही. महिनाभरात मी ‘दमले’ म्हणू लागले, आणि हा लेखही तसाच लिहिला आहे. आई आता ऐंशीची आहे. तिला फोन केला की मी अजून ‘जेवलो’च म्हणते.